बदकाचं बूच

आमच्या सासूबाईंना अख्खा काठ ‘कप्तान’ म्हणतो आणि त्यांना ते आवडतं, हे आधीच सांगून टाकते. आवडत नसल्याचं त्या दाखवतात, त्याकडे लक्ष द्यायचं नाही.

आमचं तळं इतकं रुंद आहे की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, फक्त त्याच्या शर्टाचा रंग कळतो. अलीकडे बाजार, दवाखाना, आमचं घर आणि माझं पंप-जनरेटर दुरुस्तीचं दुकान. पलीकडे विखुरलेली थोडी घरं, त्यांतलं एक सासूबाईंचं, घरासमोर धक्का आणि बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये त्यांची मोटरबोट. बुडाशी रुंद आणि चालताना डुलणारी, म्हणून तिचं नाव बदक. सासरे होते तोवर बदक रोज माणसांची ने-आण करायचं. सासरे इंजिनापाशी बसायचे आणि सासूबाई चाकापाशी. चाकाला हात लावायची सासऱ्यांची टाप नव्हती.

सासरे गेले आणि थोड्याच दिवसांत इंजिनानंही मान टाकली. बदक ओढून शेडमध्ये ठेवलं, ते वर्षानुवर्षं तिथंच राहिलं. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या टेकडीला वळसा, आणि त्या रस्त्यावरची बसही बंद झालेली. सासूबाई पलीकडे एकट्या. अशात त्या धक्क्याच्या पायरीवरून घसरल्या, पाय सुजला, आणि आम्हाला ते कळलं दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून माझ्या धाकट्या दिरानं एकच घोशा लावला, आई आता शहरात माझ्याकडे राहणार. त्याचं शहरात चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं याची काळजी करणं हा त्याचा धंदाच, पण आईच्या बाबतीत त्याला भीतीशिवाय काही दिसत नव्हतं. त्याची भीती खोटी होती असंही मी म्हणणार नाही.

एकदा सगळे जेवायला बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, “बोट चालू झाली की दवाखाना समोरच आहे. मग मी इथून कशाला हलू?”

“आणि नाही झाली तर?” दीर म्हणाला.

“तर ट्रंक भरीन.”

“उन्हाळा संपेपर्यंत वाट बघतो, आई. मग गाडी घेऊन येणार.”

“ये.”

आणि दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला कोणी काही विचारलं नव्हतं, पण घरात इंजिन उघडणारी बाई एकच होती.

दुकान मदतनिसावर टाकून मी आणि नवरा पलीकडे मुक्कामाला गेलो. इंजिन उघडलं आणि माझं तोंड कडू झालं. धुराच्या नळीतून पाणी आत शिरलेलं. एक पिस्टन जेमतेम हलत होता, दुसरा सिलिंडरला चिकटून बसलेला. त्यावर डिझेल आणि रॉकेल ओतून ठेवलं, रोज लाकडी ठोकळा धरून वरून हातोडा घातला. तो ढिम्म. माझे खांदे भरून आले, आणि शेडच्या दारात सासूबाई हाताची घडी घालून उभ्या.

“खालून ठोक,” त्या म्हणाल्या.

मी तापलेलीच होते. “आई, इंजिन माझं आहे. तुम्ही त्यात पडू नका.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग बोट माझी. तू तिच्यात पडू नकोस.”

असा आमचा तह झाला. त्यानंतर आमच्यातलं बोलणं ‘अजून वाढू का’ आणि ‘पुरे’ एवढ्यावर आलं. पिस्टन शेवटी खालूनच ठोकून निघाला. ते त्यांना कळवायची मला काही गरज वाटली नाही.

दरम्यान नवरा डेकला भिडला होता. माझा नवरा कपाटं करतो. त्याच्या कपाटाच्या दोन फळ्यांमधून केससुद्धा जात नाही, हे तो नवीन माणसाला नावाआधी सांगतो. डेकच्या जुन्या फळ्या इतक्या कुजल्या होत्या की पटाशी नुसती टेकवली तरी आत जायची. त्यानं सगळ्या उपटल्या, खालच्या आडव्या तुळयांपैकी खराब झालेल्या बदलल्या, आणि सागाच्या नव्या फळ्या अशा बसवल्या की डेक एकसंध दिसावा. मग आईला बोलावलं. सासूबाई अनवाणी त्यावरून एकदा चालून आल्या.

“फटी कुठायत?”

“फटी नाहीतच, आई. तेच तर.”

“असं होय,” एवढंच म्हणून त्या गेल्या, आणि डेकच्या एका कोपऱ्यावर ओली पोती टाकून त्यांनी ती ओली ठेवायला सुरुवात केली. नवऱ्याला वाटलं, लाकूड उन्हानं तडकू नये म्हणून कौतुकानं टाकलीत. काही दिवसांनी पोती उचलली तर त्या कोपऱ्यातल्या फळ्यांनी एकमेकींना ढकलून उंटासारखी पाठ वर काढलेली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यानं मुकाट्यानं सगळा डेक पुन्हा काढला, फळ्यांमध्ये जागा ठेवून बसवला, आणि प्रत्येक फटीत कापसाची वात ठासून वरून डांबर ओतलं. मी दिवसभर हसत होते.

खरं तर हसण्याऐवजी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. डेकचं लाकूड पाण्यानं फुगतं, तर बोटीच्या पोटाचंही फुगत असणार, आणि वर्षानुवर्षं कोरड्या शेडमध्ये ते आक्रसलेलंही असणार. पण लाकूड हे नवऱ्याचं खातं. मी लोखंडाची बाई, आणि लोखंडाच्या बाईला पाण्याचं एकच रूप माहीत असतं, ते म्हणजे गंज.

इंजिनाचं मात्र सगळं मनासारखं होत गेलं. लेथवाल्याकडून सिलिंडर मोठे करून आणले, त्यांच्या मापाचे नवे पिस्टन आणि रिंगा बसवल्या, बेअरिंग बदलली, व्हॉल्व्ह हातानं घासून घासून बसवले, हेडखालचं गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून स्वतः कापलं. सगळं जोडून इंजिन शेडमध्येच एका घोडीवर चढवलं, थंड राहायला शेजारी पाण्याचं पिंप ठेवलं आणि हँडल मारलं. पहिल्यांदा नुसतं खोकलं. पुन्हा मारलं, काळा धूर आला. मग एकदम ते बोलायला लागलं, आधी अडखळत, मग ठेक्यात. पत्रे थरथरायला लागले. सासूबाई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आल्या आणि दारात उभं राहून ऐकत राहिल्या. ऐकून झाल्यावर त्या बोलल्या ते मुलाशी, माझ्याशी नाही.

“जरा जड वाजतंय. पण ह्यांच्या वेळचं वाजतंय.”

मी तेल पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली. मला रडू आलं होतं, आणि तह झालेल्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं.

आता इंजिन बोटीत बसवायचं. त्यासाठी मी बोटीच्या तळाशी दोन जाड तुळया पक्क्या केल्या, त्यांना लाल रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुळयांच्या खाली पाणी साचलेलं. वर पत्रा धड, आभाळ कोरडं. माझं डोकंच फिरलं. बोटीच्या तळाला पितळी बूच असतं, आटे असलेलं, पाणी सोडून द्यायला. ते पान्यानं काढलं, सगळं पाणी खालच्या नालीत जाऊ दिलं, फडक्यानं तळ पुसला, दुकानातून आणलेला मोठा पंखा लावून फळ्या खडखडीत वाळवल्या आणि बूच परत बसवलं. पुढच्या सकाळी पुन्हा पाणी. मी पुन्हा तेच केलं. सासूबाईंना स्वच्छतेचा सोस आहे, धुतलं असेल काहीतरी, असं म्हणून मी दातओठ खात गप्प बसले. विचारायचं तर तह मोडावा लागला असता.

मग रविवारी दीर येऊन गेला आणि रात्री परत पोचल्यावर त्यानं मला फोन केला.

“वहिनी, एक विचारू? आई शेडमधल्या बोटीत बादलीनं पाणी ओतते, माहितीय तुम्हाला?”

“धूत असतील.”

“धूत नव्हती. एकामागून एक बादल्या आणून ओतत होती. मी विचारलं, काय करतेस? तर म्हणाली, तिला तहान लागलीय.”

“गंमत केली असेल, भावोजी.”

“हसली नाही ती, वहिनी.” तो पुढं म्हणाला. “हे घसरून पडण्यापेक्षा वाईट आहे. मी आता थांबणार नाही. बोट चालली काय आणि न चालली काय, तिचं डोकं ठिकाणावर नसेल तर मी तिला तिथं एकटी ठेवणार नाही.”

सासूबाई गंमत करताना कधीच हसत नाहीत, हे सुनेला कळतं आणि पोटच्या मुलाला कळत नाही, याचं मला नवल वाटलं. तरी भीती वाटलीच. त्या रात्री मी एक ठरवलं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं. बोटीतलं पाणी कोणाच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही. उजाडायच्या आत उठून मी बूच काढायची, तळ पुसायची, पंखा लावायची, आणि सासूबाई शेडमध्ये फिरकायच्या आत बदक कोरडं ठणठणीत करून ठेवायची. बाईला आपण सांभाळून घेतोय, असं मला वाटत होतं. भांडलो म्हणून काय झालं, माणूस आपलंच आहे.

हळूहळू सासूबाई गप्प झाल्या. आधी त्या गप्प असायच्या त्यात एक रुबाब असायचा. आता तो नव्हता. त्या शेडच्या दाराशी यायच्या, आत डोकावायच्या, फळ्यांवर हात फिरवून हाताकडे बघायच्या आणि परत जायच्या. एक दिवस नवरा मला म्हणाला, “आई मला विचारत होती, काल संध्याकाळी मी शेडमध्ये गेले होते का रे? तिला आठवत नाही.” मी मान हलवली. मनात म्हटलं, भावोजींचं खरं होतं तर. मला फार वाईट वाटलं, आणि मी आणखी लवकर उठायला लागले.

उन्हाळा सरत आला. इंजिन तयार, डेक तयार. एका दुपारी मी पाणी प्यायला घरात गेले, तर सासूबाई खाटेजवळ बसून ट्रंकेत कपडे रचत होत्या. उशीच्या खोळी, सासऱ्यांचा फोटो, दोन स्वेटर. घड्या नेहमीसारख्या काटेकोर.

“आई, हे कशाला? बोट तर झालीय.”

“बोट झाली. मी नाही राहिले,” त्या म्हणाल्या. तहानंतर पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलत होत्या. “धाकटा म्हणतो ते खरं असणार. रोज संध्याकाळी मी बदकात पाणी ओतते, म्हणजे मला वाटतं मी ओतते. बादलीची कडी हातात रुतलेली आठवते, पाण्याचा आवाज आठवतो. आणि सकाळी बघावं तर तळ वाळून कोळ. ओलसुद्धा नाही. एक दिवस झालं, दोन दिवस झालं. रोज कसं होईल? मग मी ओतच नसणार. नुसती शेडमध्ये जाऊन उभी राहत असणार.” त्यांनी स्वेटरची घडी मोडून पुन्हा घातली. “ज्याचं त्याला कळलेलं बरं. उद्या चाकापाशी उभी राहीन आणि भर तळ्यात विसरेन की कुठं चाललेय. चार माणसं बसलेली असतील.”

मी तिथंच जमिनीवर बसले.

“आई, तुम्ही ओतत होता,” मी म्हणाले. “रोज ओतत होता. मी काढत होते.”

“काय काढत होतीस?”

“बूच. सकाळी उठून. पाणी सोडून द्यायचे, पुसायचे, पंखा लावून वाळवायचे.”

“पंखा लावून.”

“हो. मोठा पंखा.”

सासूबाईंनी ट्रंकेचं झाकण हळूच मिटलं. माझ्याकडे बघितलं. आणि मग त्यांनी मला जे काही सुनावलं ते मी इथं लिहिणार नाही, कारण त्यातले काही शब्द माझ्या नवऱ्यालासुद्धा नवीन होते. मूर्ख, बिनडोक, दगड, हे त्यातले सौम्य. आवाज शेडपर्यंत पोचला आणि नवरा हातात रंधा घेऊन धावत आला, तर मी जमिनीवर बसून हसतेय आणि त्याची आई कमरेवर हात ठेवून मला शिव्या देतेय. इतक्या आनंदानं मला कोणी कधी शिव्या दिल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही भान नव्हतं त्यांना.

“पण तुम्ही सांगायचं तरी,” मी म्हणाले.

“बोट पाण्यात सोडायच्या आधी तिला पाणी द्यायचं, हे काय सांगायचं असतं? लाकूड वाळून आक्रसतं, सांधे उघडतात. पाणी पिऊन फळ्या फुगल्या की सांधे आपोआप मिटतात. दरवर्षी करायचो आम्ही. तू एवढी इंजिन उघडणारी, मला वाटलं तुला माहीत असेल.”

“तुम्ही म्हणाला होता, बोटीत पडू नकोस.”

“मग पडलीस कशाला?”



आता पंचाईत अशी की दिवस उरले नव्हते. बादल्यांनी फळ्या फुगायची वाट बघायला वेळ नव्हता आणि बदक हाडासारखं कोरडं होतं, माझ्या कृपेनं. सासूबाईंनी चाकापाशी उभं राहून आज्ञा द्यावी तशी आज्ञा दिली. इंजिन आत घालायचं नाही. बोट नुसतीच धक्क्यापाशी उथळ पाण्यात न्यायची, दोऱ्यांनी बांधायची आणि बुडवायची.

“बुडवायची?” नवरा म्हणाला. “माझा डेक, आई.”

“तुझ्या डेकला फटी ठेवल्यास ना? मग घाबरतोस कशाला?”

मीही घाबरले होते. कितीही झालं तरी पाण्याखाली जाणार होती ती आमच्या सबंध उन्हाळ्याची मेहनत. त्यांची आठवण शाबूत आहे हे कळलं होतं, पण ही बोट इतकी वर्षं कधी कोरडी राहिलीच नव्हती. सांधे मिटले नाहीत तर दुसरा डाव खेळायला जागा नव्हती.

“आई, नक्की?” मी विचारलं.

“नक्की.”

शेजारपाजारच्यांना बोलावलं, खाली गोल ओंडके घातले आणि बदक ओढत पाण्यात नेलं. सांध्यासांध्यांतून पाण्याच्या चिळकांड्या आत उडायला लागल्या. सासूबाई धक्क्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“आता तुझ्या आवडीचं काम कर,” त्या मला म्हणाल्या. “बूच काढ.”

मी काढलं. बदक हळूहळू खाली गेलं, वाळूवर टेकलं, आणि कठड्याचा वरचा काठ तेवढा पाण्याबाहेर राहिला. शेजारी आमच्याकडे बघत निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी दीर गाडी घेऊन आला, ठरल्यापेक्षा आधी. धक्क्यावर आला आणि उभाच राहिला.

“वहिनी, बोट बुडालीय.”

“हो.”

“आणि आई खुर्ची टाकून बघत बसलीय.”

“हो.”

“आणि तुम्ही काय करत होता?”

“मी बूच काढलं.”

मागं घराच्या दाराशी भरलेली ट्रंक होती, तिच्यावर जाऊन तो मटकन बसला. आता घरात दोघी वेड्या, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, पाणी, बूच, पंखा, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वहिनी, तुम्ही चांगल्या मनानं तिची बाजू घेताय, हे मला कळतं. पण मी बघेन तेच खरं मानेन.”

“तेच मान,” मागून सासूबाई म्हणाल्या. “बस इथंच. बोट उठली नाही तर मी गाडीत बसते.”

तो राहिला. दुकानात फोन करून सांगितलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ धक्क्यावर जाऊन बुडालेल्या बोटीकडे बघत बसला. त्याला पोहता येत नाही, हे मला तेव्हा आठवलं. लहानपणी बदकातून शाळेत जाताना तो आईचं बोट सोडायचा नाही, म्हणजे आई एका हातानं चाक धरायची, असं नवरा सांगायचा.

एका सकाळी सासूबाई पाण्यात गुडघाभर उतरल्या, बोटीच्या बाहेरून फळ्यांवर नखानं टकटक केली, कान लावला आणि म्हणाल्या, “झालं पोटभर.”

मी चाचपडत बूच घट्ट बसवलं आणि दुकानातला माझा सगळ्यात जोरकस पंप सुरू केला. आतलं पाणी उतरायला लागलं आणि बदक वाळूवरून उचललं गेलं. डोलायला लागलं. नवऱ्यानं आत उतरून तळ फडक्यानं पुसला. मग सासूबाईंनी आजचं वर्तमानपत्र मागितलं, ते उलगडून बोटीच्या तळाशी पसरलं, आणि म्हणाल्या, “चला, जेवून घेऊ.”

त्या जेवणात कोणाचंही पानात लक्ष नव्हतं, फक्त सासूबाई सावकाश जेवल्या. परत आल्यावर त्यांनी धाकट्याला बोटीत उतरायला सांगितलं. तो कठडा घट्ट धरून उतरला.

“काढ ते वर्तमानपत्र. तुझे डोळे चांगले आहेत, तूच बघ.”

त्यानं ते उचललं. उलटून बघितलं, कोपरे दाबून बघितले, उन्हाकडे धरलं.

“कोरडं आहे,” तो म्हणाला.

“वाच मग,” सासूबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

पुढचं काम मी आणि नवऱ्यानं जोरात केलं. धक्क्यावर तीन वाशांची तिवई उभी केली, तिला साखळीची पुली लावून इंजिन उचललं आणि इंचाइंचानं बोटीत उतरवलं. ते माझ्या लाल तुळयांवर बरोबर बसलं, तेव्हा नवऱ्यानं दोन्हींच्या मधे केस घालून बघितला आणि नाही गेला म्हणून माझी पाठ थोपटली. शाफ्ट जोडला, तो जिथं बोटीबाहेर जातो तिथं ग्रीस लावलेली दोरी गुंडाळून दाबून बसवली, डिझेल भरलं.

दीर ट्रंक घेऊन गाडीपाशी उभा होता. “मी रस्त्यानं पलीकडे येतो,” तो म्हणाला. “ट्रंक असू दे गाडीत. मध्येच काही झालं तर...”

“असू दे,” सासूबाई म्हणाल्या. त्या बोटीत चढल्या आणि चाकापाशी उभ्या राहिल्या. दोन्ही हात चाकावर ठेवले. मग पाय थोडे फाकवून नीट रोवले, माणूस आपल्या नेहमीच्या जागी रोवतो तसे.

मी हँडल मारलं. पहिल्याच झटक्याला इंजिन बोललं. नवऱ्यानं दोऱ्या सोडल्या आणि बदक धक्क्यापासून मागं सरकलं, वळलं, आणि डुलत डुलत पुढं निघालं. मी तळाकडे बघत होते. थेंब नव्हता. धक्का लहान होत गेला, डेकचं लाकूड माझ्या तळपायांना गुदगुल्या करत होतं, आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. नवरा तर ओरडलाच.

मध्यावर पोचल्यावर सासूबाईंनी मागं न बघता विचारलं, “इंजिन तुझं. सांग, अजून वेग सोसेल का त्याला?”

“सोसेल, आई.”

“मग दे.”

मी दिलं. बदकानं नाक उचललं. सासूबाईंचे केस वाऱ्यानं विस्कटले, त्या गुणगुणत होत्या, आणि पलीकडच्या काठावरचे शर्टांचे रंग एकेक करून माणसं व्हायला लागले. आवाज ऐकून लोक घराबाहेर येत होते. कोणीतरी हात वर करून ओरडलं, “कप्तान.” त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि बोट धक्क्याला अशी लावली की कठड्यावर अंडं ठेवलं असतं तरी पडलं नसतं. त्यांना उतरवायला लोकांनी हात पुढं केले. त्यांनी सगळ्यांचे हात नाकारले, स्वतः उतरल्या आणि पायरीवर मात्र जपून पाय ठेवला.

आमचा दुसरा चहा झाला तरी दिराचा पत्ता नव्हता. टेकडीचा वळसाच तेवढा आहे. शेवटी गाडी आली, काचेवर धुळीचा थर. तो उतरला, धक्क्याकडे बघितलं, बदकाकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग त्यानं डिकी उघडली आणि ट्रंक बाहेर काढली. मला वाटलं, आता हा म्हणणार, चल आई. भांडायची तयारी मी मनातल्या मनात केलीसुद्धा.

तो ट्रंक घेऊन पायऱ्या उतरला, एका हातानं कठडा धरून कसाबसा बोटीत चढला, आणि आईला विचारलं, “ही कुठं ठेवू?”

“मध्ये. एका बाजूला ठेवलीस तर कलेल.”

त्यानं ती मध्ये ठेवली. मग तिच्याच शेजारी बसला, आणि न विचारताच सांगितलं, “गाडी राहू दे आज इथं. ट्रंकेत तुझ्या उशीच्या खोळी आहेत, त्या घरी गेल्यावर मी काढून देतो.”

सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा, आणि चाकापाशी गेल्या. मी हँडल हातात घेतलं.

“बूच?” त्यांनी मला विचारलं.

“घट्ट.”

तरी त्या वाकल्या, हात घालून स्वतः चाचपून पाहिलं, आणि मगच मला मान हलवली.